पाहुणे, नेट चालंना गेलंय

युरोपच्या ट्रिपचं ठरलं तेव्हा व्हिसाचं टेन्शन मला होतं, थंडीचं मामींना होतं आणि नेटचं मात्र अख्ख्या भावकीला. मामा म्हणजे माझे सासरे, रिटायर मुख्याध्यापक, औसा तालुक्यात शेती, व्हाट्सअपवर गावाचे, भावकीचे, पेन्शनरांचे आणि आडतीचे असे कितीतरी ग्रुप, आणि त्यातल्या निम्म्यांचे अ‍ॅडमिन. असा माणूस दोन तास ऑफलाइन दिसला तर लोक आधी दवाखान्यात फोन लावतेत. म्हणून कायबी करा पण दादांचं, म्हणजे मामांचं, नेट बंद पडू देऊ नका अशी ताकीद सासुरवाडीतून आली, आणि ती अर्थातच जावयाला आली, कारण सासुरवाडीचे मोबाईल दुरुस्त करणं हे काम आमच्याकडं लग्नाच्या याद्या करतानाच ठरलेलं असतंय, फक्त यादीत लिहीत न्हाईत.

त्यात माझे साडू पुण्याचे, आयटीतले. त्यांनी फोनवरच जाहीर केलं की आपल्या कंपनीचा रोमिंग पॅक घेणं म्हणजे अडाणीपणा, जग ई-सिमवर गेलंय. ई-सिम म्हणजे कार्ड नसतंय, चिप फोनमधेच असते, पैसे भरायचे, मेलवर क्यूआर कोड येतो, तो स्कॅन केला की झालं. आता मेल येणार ज्या फोनवर, त्याच फोननं त्याच फोनच्या स्क्रीनवरचा कोड स्कॅन कसा करायचा हा प्रश्न मला पडला, पण मामांना पडला नाही. साडूंनी कोड फॉरवर्ड केल्या केल्या मामा तडक लातूरच्या गंजगोलाईजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं गेले, घरातल्या प्रत्येकाला एक अशा कलर प्रिंटा काढल्या, वर लॅमिनेशन करून आणलं. साडू म्हणाले, मामा, एक कोड एकाच फोनला चालतो. मामा म्हणाले, राशन कार्ड एकच असतंय पण खातं घर की सगळं. मग फोनवर *#०६# दाबून बघितलं, त्यात ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला तर तो फोन ई-सिमवाला, आणि मामांच्या फोनमधे तो दिसेचना. साडूंनी सुस्कारा सोडला. मामांनी लॅमिनेशनचे पैसे जावयाकडून मागितले नाहीत एवढा मोठेपणा दाखवला.

शेवटी मामांना आपल्याच कार्डावर इंटरनॅशनल रोमिंगचा पॅक मारला. मीही तोच घेतला, सासऱ्यापेक्षा भारी नेट जावयाकडं असणं शोभत नाही. साडूंनी 'युरोप' असं नाव असलेला ई-सिमचा मोठा पॅक घेतला. बायको, मेव्हणी आणि मामी यांनी कुणाच्या तरी हॉटस्पॉटवर भागवायचं ठरलं. मामी तर म्हणाल्या, मला कशाला लागतंय नेट, मी काय बघते त्यात. या वाक्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता, पण इतकं काही होईल असंही वाटलं नव्हतं.

पॅरिसला उतरल्यावर मामांनी विमानाचं चिन्ह बंद केलं आणि टुंग टुंग टुंग एसएमएस आले. पहिलाच वेलकम टू फ्रान्स. मामांनी तो बसमधल्या सगळ्यांना वाचून दाखवला, नंतर कळालं की त्यामागं हिशेब आहे. शेंगेनमधे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, एकदा शिरलं की देशादेशाच्या मधे कुणी अडवत नाही, शिक्का नाही, फाटक नाही, बसमधे डुलकी लागली तर बेल्जियम येऊन जातं आणि पत्ता लागत नाही. मग आपण अमुक देशात गेलतो याला पुरावा काय? तर हा एसएमएस. मामांनी खिशातल्या डायरीत फ्रान्स लिहिलं, तारीख, टाइम, आणि पुढं बरोबरची खूण. त्यानंतर बॉर्डर जवळ आली की मामा फोन हातात धरून बसायचे, बाहेर बघायचे नाहीत. आम्ही म्हणायचो मामा बघा पवनचक्की, ते म्हणायचे थांबा, नेदरलँड अजून आला नाही.

ई-सिममुळं साडूंचा भाव वधारला. त्यांच्या हॉटस्पॉटवर तीन बायका, म्हणजे साडू जिकडं तिकडं सगळ्या. टूर मॅनेजर बिचारा सगळीकडं ओरडत फिरायचा की एकत्र राहा, हरवू नका, बाकीच्यांची माणसं हरवायचीही, पण आमचं कुटुंब सगळीकडं दहा पावलांच्या आत. मेव्हणी एका दुकानात शिरली की दोन मिनिटात बाहेर, कारण आत गेल्यावर व्हिडिओ गोल गोल फिरायचा. साडू टॉयलेटला गेले तर बाहेर तिघी उभ्या. ज्याच्या फोनला नेट तो घरचा कर्ता, हे मी तेव्हा डोळ्यानं बघितलं, चहा आधी त्यांना, खिडकीची सीट त्यांना, आणि आवाजातही फरक पडला होता हो माणसाच्या.

आपल्याला २०१६ च्या सप्टेंबरपासून, जिओ आल्यापासून, एक सवय लागलीय. दिवसाला दीड जीबी, रात्री बाराला नवं येणार, मग उरलेलं वाया कशाला घालवायचं. मामी रोज रात्री झोपायच्या आधी कीर्तन लावून तो दीड जीबी संपवतात, त्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. तिकडच्या बहुतेक पॅकात तसं नसतंय, सगळ्या ट्रिपसाठी मिळून एकच आकडा असतो आणि तो संपला की संपला. एचडीत तासभर कीर्तन पाहिलं की जीबीभर डेटा सहज जातो. त्यात साडूंच्या फोनमधे फोटोंचा बॅकअप आपोआप चालू, ग्रुपवरचे सुप्रभातवाले फोटो आपोआप डाऊनलोड, गुलाबाच्या फुलावर थेंब आणि खाली सुविचार, असले सुविचार रोमिंगमधे उतरवून घेणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. मी त्यांना म्हणलं ऑटो डाऊनलोड बंद करा. ते म्हणाले, मला शिकवू नका.

आणि टाइम. मे महिन्यात युरोप आपल्या साडेतीन तास मागं असतं. लातूरला सकाळचे सात म्हणजे तिकडं पहाटेचे साडेतीन. आमच्याकडं नळ कधी येईल याचा नेम नसतो, ज्या गावाला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं नळाला पाणी आलं ही बातमी माणूस दाबून ठेवू शकत नाही. आईचा व्हिडिओ कॉल, अॅमस्टरडॅमच्या हॉटेलात, अंधारात: "अरे झोपलास का? पाणी आलंय बघ, मोटरचं बटन कुठलं, डावं का उजवं?" मी कुजबुजत म्हणतोय उजवं, आई कॅमेरा भिंतीवर फिरवतेय, मला दिसतोय मीटरचा डबा, पाल, गणपतीचं कॅलेंडर, आणि शेवटी बटन. मोटर चालू झाल्याचा आवाज मी नेदरलँडमधे ऐकला, मगच झोपलो. फोन बंद करून झोपायचं होतं असं बायको म्हणाली. टाकी कोरडी राहिली असती तर हीच काय म्हणाली असती ते मी इथं लिहीत नाही.

जर्मनीत बसमधे साडूंनी सगळ्यांना समजावून सांगितलं की १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनमधे रोमिंगचा जादा चार्ज काढून टाकलाय, फ्रान्सचं कार्ड इटलीत त्याच भावात, म्हणून युरोपचा पॅक घेतला की बघायचंच नाही. मामांना हे पटलं, कारण उदगीरच्या पुढं बिदरला सोयरिक बघायला गेलं तरी पूर्वी रोमिंग लागायचं आणि पाहुण्यांच्या दारात फोन बंद करून बसावं लागायचं ते त्यांना आठवत होतं. आणि तेवढ्यात आम्ही ऱ्हाइन धबधब्याला, म्हणजे स्वित्झर्लंडमधे शिरलो आणि साडूंचं नेट गेलं.

म्हणजे गेलंच. साडूंनी फोन बंद केला, चालू केला, विमान लावलं, काढलं. मग पॅकची देशांची यादी उघडायला माझं नेट घेतलं. यादीत सगळे होते, फक्त स्वित्झर्लंड नव्हतं. ते युरोपियन युनियनमधे नाही, युरोपियन इकॉनॉमिक एरिया नावाच्या नॉर्वे-आइसलँडवाल्या मोठ्या गटातही नाही, त्यामुळं पॅकच्या नावात युरोप असलं तरी स्विस त्यात असेलच असं नाही. युरोपच्या नकाशात बरोबर मधोमध असलेला देश युरोपच्या पॅकमधे नाही, हे मामांना समजावता समजावता माझा जीव गेला. समोर दीडशे मीटर रुंद पाणी कोसळतंय, लोक होडीत बसून खडकापर्यंत चाललेत, आणि आमचे साडू धबधब्याकडं पाठ करून फोन उंच धरून उभे, कारण जर्मनी तिथून जवळ आहे आणि एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं की जर्मनीची एक काडी येत होती. देवणीकडच्या लोकांना यात नवल वाटणार नाही, तिकडं घरात बसून कर्नाटकाचं टॉवर पकडायचं.

तिन्ही बायका त्याच क्षणी मामांच्या हॉटस्पॉटवर आल्या. मामांनी पासवर्ड ठेवला होता गावाचं नाव आणि पिनकोड. तो साडूंनाही मागावा लागला. मामांनी लगेच दिला नाही, आधी विचारलं, "अडाणीपणा कशाला म्हणतेत म्हणलाव तुम्ही?"

युंगफ्राउयोखला ३,४५४ मीटरवर, युरोपातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन म्हणतात ते, तिथं फुल रेंज. आमच्या शेतात चिंचेखाली गेल्याशिवाय कॉल लागत नाही. मामा बर्फात उभे राहून आडतीवर फोन लावतेत: "सोयाबीन काय निघालं आज?" तिकडून भाव आला. मामांचा चेहरा पडला. "वाढंनाच गेलंय की ओ." मग त्यांनी ग्रुपवर व्हिडिओ कॉल लावला बर्फ दाखवायला, तर गावातला एक जण म्हणतोय, गुरुजी नेट चालंना वाटतं तुमचं, नुसतं पांढरंच दिसायलंय. मामा म्हणतेत अरे बर्फच आहे तो. तो म्हणतोय हाव, पण चित्र कधी येणार?

लिक्टेनश्टाइनबद्दल सांगायलाच पाहिजे. १६० चौरस किलोमीटरचा देश, माणसं चाळीस हजाराच्या आसपास, आमच्या औसा नाहीतर निलंगा गावाएवढी. पण हा देश नॉर्वेवाल्या गटात आहे, म्हणून साडूंच्या यादीत होता. राजधानी वाडुझला बस थांबली आणि साडूंच्या फोनला तरतरी आली. माणूस बसमधे चढायला तयार होईना, म्हणायला लागले किती सुंदर देश आहे, अजून अर्धा तास थांबू.

आणि तिथंच मामांचा पुतण्या औशाहून सेंटरवरून बोलायला लागला. शेतीच्या कुठल्यातरी योजनेची ई-केवायसी, आधारला लिंक असलेल्या नंबरवर ओटीपी गेलाय, दहा मिनिटात सांगा, लाईट जायच्या आत. ओटीपी हा एसएमएसनं येतो, तो ट्रिपसाठी घेतलेल्या ई-सिमवर येत नाही, आपल्या जुन्या कार्डावरच येतो, म्हणून ते कार्ड चालू आणि रोमिंगमधे असावं लागतं, त्याचा डेटा बंद ठेवला तरी चालतो. हे शहाणपण कुणी आधी सांगत नाही. तर मामांनी एसएमएस उघडले. दुपारभरात वेलकम टू स्वित्झर्लंड परत एकदा, वेलकम टू लिक्टेनश्टाइन, पॅकचा मेसेज, कस्टमर केअरचा मेसेज, सगळ्यात नंबर. मामांनी चष्मा वर केला, फोन लांब धरला आणि वाडुझच्या चौकात खड्या आवाजात वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तसे सुरू केले, "एक, एक, दोन!" पुतण्या म्हणाला, "पुढं?" मामा म्हणाले, "एवढंच हाय." पुतण्या म्हणाला, "काका, ओटीपी सहा आकडी असतोय, हे तर पोलिसाचं हाय." मग मी फोन घेतला, खाली सरकवत गेलो, ओटीपी सापडला, चार आकडे सांगितले आणि कॉल कटला. परत लागला तेव्हा दहा मिनिटं झालती. दुसरा ओटीपी मागवला, तो येईपर्यंत बस सुटली आणि वेलकम टू ऑस्ट्रिया आला. मामांनी ओटीपीचं सोडून आधी डायरी काढली.

इटलीत शिरल्यावर साडूंचं नेट पूर्ववत झालं, पण पूर्वीचा मान काही परत आला नाही, चहा आता मामांनाच आधी.

व्हॅटिकनला शेवटचा घोळ. पांढरी रेघ ओलांडून आम्ही सेंट पीटरच्या चौकात उभे, जगातला सगळ्यात छोटा देश, मामा फोन हातात धरून. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एसएमएस नाही. मामा रेघेच्या बाहेर गेले, परत आत आले. नाही. "पाहुणे, नेट गेलंय का?" साडूंना संधी मिळाली. त्यांनी सांगितलं की व्हॅटिकनला फोनचा कोड ३७९ राखून ठेवलाय, पण ते वापरत नाहीत, त्यांचे फोन इटलीच्या ३९ वरच चालतात.

मामांनी विचार केला. "राखीव हाय, पण कुणी बसत नाही. म्हणजे एसटीतल्या आमदाराच्या सीटसारखं."

मग त्यांनी निकाल दिला की सीट रिकामी असली म्हणून आमदार नाही असं होत नाही. डायरीत व्हॅटिकन लिहिलं, पुढं बरोबरची खूण केली, आणि चौकाचा फोटो ग्रुपवर टाकला: 'आज देश नववा.' खाली धडाधड अंगठे, हात जोडलेले, फुलं, आणि सगळ्यात शेवटी पुतण्याचा मेसेज, "काका, सेंटरवर आलोय, आता पाठवायलाव ओटीपी, बघा बरं."