फिलिंग मशीन घेतलं की पगार वाचतात, हे गणित तपासू या

लघुउद्योजकांमध्ये एक दावा सारखा फिरतो आहे: बाटल्यांची हाताने भरणी म्हणजे पैशांची नासाडी, फिलिंग मशीन (मापाने माल भरणारं यंत्र) घ्या, चार पगार वाचतील, सहा महिन्यांत पैसे वसूल. माझा विरोध मशीनला नाही, या हिशेबाला आहे. त्यावर विसंबून लोक कर्ज काढतात.

‘चार माणसं कमी होतात.’ भरलेल्या बाटलीला अजून झाकण लागतं, लेबल लागतं, मग खोक्यात भरणं. झाकणं हातानेच मिनिटाला १० लागत असतील, तर २५ बाटल्या भरणारं मशीन आणूनही बाहेर १०च पडणार. बाकीच्या झाकणापाशी तुंबणार. शिवाय अर्धस्वयंचलित मशीनवर नोझलखाली, म्हणजे माल सोडणाऱ्या तोटीखाली, बाटली धरायला माणूस लागतोच.

‘मशीनचं माप चुकत नाही.’ चुकतं. सिलिंडरमध्ये माल ओढून तो दट्ट्याने ढकलणारं पिस्टन मशीन वजन नाही, आकारमान मोजतं. घट्ट मालात हवेचे बुडबुडे अडकले की तेही मापात धरले जातात. फेसाळणाऱ्या द्रवाची पातळी फसवी असते. पावडर ऑगरने (फिरणाऱ्या स्क्रूने) भरताना ती दबलेली आहे की भुसभुशीत, यावर वजन बदलतं. मालाला साजेसं मशीन आणि नीट सेटिंग असेल तरच माप स्थिर राहतं.

पण खरी बचत इथेच आहे, आणि दाव्यात तिचा उल्लेखही नसतो. माप कमी पडू नये म्हणून हाताने भरणारा थोडं जास्तच भरतो. ५०० मिलीच्या बाटलीत ४ मिली जादा गेलं, तर २००० बाटल्यांमागे ८ लिटर, म्हणजे १६ बाटल्यांचा माल फुकट गेला. मशीनने हा जादा भरणा १ मिलीवर आणला, तर ६ लिटर वाचतात. महागड्या तेलात किंवा अर्कात एवढ्यावरही मशीन परवडू शकतं. फरशी पुसायच्या द्रवात क्वचितच.

‘सहा महिन्यांत वसूल.’ दिवसभर एकच माल चालत असेल तर कदाचित. पाच प्रकारांचे छोटे लॉट असतील, तर प्रत्येक बदलाला सिलिंडर, नळ्या, नोझल खोलून धुवायचे, नळीत उरलेला माल टाकायचा, पुन्हा माप जुळवायचं. दोन तासांच्या लॉटमागे एक तास यात गेला, तर एक तृतीयांश वेळ संपला. मशीन हवेच्या दाबावर चालत असेल तर कॉम्प्रेसरची वीज आणि झिजणारे सील वेगळेच. हाताने भरणाऱ्या चौघांतला एक गैरहजर राहिला तर तिघे काम ओढतात. एकमेव मशीन बंद पडलं तर भरणीच थांबते.

हाताने भरणारी माणसं तडकलेली बाटली, बदललेला रंगही टिपतात. त्यांना काढण्याऐवजी झाकणावर आणि तपासणीवर बसवा. तिथे त्यांची नजर उपयोगी पडते.

कोटेशन मागवण्याआधी भरलेल्या ५० बाटल्या वजन करून पाहा, प्रत्येक रिकाम्या बाटलीचं वजन आधी घेऊन. कोणत्या टप्प्यावर काम साचतं, ते घड्याळ लावून बघा. मग विक्रेत्याला तुमचाच माल, तुमच्याच बाटलीत भरून दाखवायला सांगा. तो टाळाटाळ करत असेल, तर आगाऊ रक्कम देऊ नका.