चुकलंमाकलं

रात्रीच्या प्रार्थनेचा शेवट मी वर्षानुवर्षं एकाच वाक्याने करायचे. 'प्रभू, काही चुकलंमाकलं असेल तर क्षमा कर.' आमेन म्हणायचं आणि पांघरूण ओढायचं. पाहुण्यांना दारापर्यंत सोडताना आपण हेच म्हणतो ना? त्यात काय चुकलं ते सांगायचं नसतं, आणि समोरच्याने 'अहो, काहीतरीच काय!' म्हणून विषय मिटवायचा असतो. देवाशी माझा असाच सभ्य व्यवहार चालला होता.

त्याला तडा गेला बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूचरित्राच्या, सातव्या अध्यायाने. शिमोन नावाचा परूशी, म्हणजे यहुद्यांच्या एका कर्मठ पंथातला माणूस, येशूला जेवायला बोलावतो. त्या काळी मेजवानीत कुशीवर रेलून जेवत, पाय मागच्या बाजूला. गावात 'पापी' म्हणून माहीत असलेली एक बाई न बोलावता आत येते आणि त्या पायांशी उभी राहते. रडते, पाय भिजतात. ती केसांनी ते पुसते, त्यांचे मुके घेते, सुगंधी तेल लावते. आणि एक शब्द बोलत नाही. मी मुद्दाम परत परत वाचून बघितलं. क्षमा मागितल्याचंही वाक्य नाही.

शिमोन मनात म्हणतो, हा संदेष्टा असता तर ही कोण आहे ते याला कळलं असतं. तेव्हा येशू त्याला दोन ऋणकोंची गोष्ट सांगतो. एकाच्या डोक्यावर सावकाराचे 500 दीनार, दुसऱ्याच्या 50. दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. तेव्हा एकाची दीड वर्षाहून जास्त कमाई, दुसऱ्याची जेमतेम दोन महिन्यांची. फेडायला दोघांकडेही काही नाही, म्हणून सावकार दोघांनाही सोडतो. मग त्याच्यावर जास्त प्रीती कोण करील? शिमोन म्हणतो, ज्याला जास्त सोडलं तो, असं मला वाटतं. ते 'मला वाटतं' किती जपून टाकलंय बघा.

मी कायम 500 आणि 50 याच फरकापाशी थांबायचे, आणि अर्थातच स्वतःला पन्नासवाल्यांत धरायचे. खून नाही, दरोडा नाही. चोरी एकच, तिच्याकडे येतेच. पण गोष्टीची खरी मेख मधल्या वाक्यात आहे: फेडायला दोघांकडेही काही नव्हतं. पन्नासवाल्याने चाळीस जमवले होते आणि दहाच कमी पडत होते, असं नाही. तोही तितकाच कफल्लक. फक्त आपला आकडा लहान म्हणून त्याला तसं वाटत नसावं.

पुढे येशू म्हणतो, हिची पुष्कळ पापं क्षमा झाली आहेत, कारण हिने पुष्कळ प्रीती केली. या 'कारण'वरून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट विद्वान एकेकाळी चांगलेच भांडले. प्रीती केली म्हणून क्षमा मिळाली, की क्षमा मिळाली हे प्रीतीवरून कळलं? आपणही म्हणतो की, 'घरी कोणीतरी आहे, कारण दिवा लागलाय.' दिव्यामुळे माणूस घरी येत नाही. मी या दुसऱ्या अर्थाच्या बाजूची, कारण गोष्टीत कर्ज आधी सुटतं आणि प्रेम मागून येतं. उलट धरलं तर अश्रू आणि तेल ही क्षमेची किंमत होऊन बसते, आणि मग ती बाईही हप्तेच भरतेय म्हणायचं.

ऋणाची भाषा तशी येशूची नेहमीची. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत, क्षमा मागायच्या ओळीत, दुसरा शुभवर्तमानकार मत्तय 'ऋण' लिहितो, लूक त्याच जागी 'पाप'. येशू बोलायचा त्या अरामी भाषेत दोन्हींना एकच शब्द चालतो. मला मात्र यात आपली मराठी जास्त उपयोगी पडली. आभार मानायला शब्द कमी पडले की आपण म्हणतो, 'मला तुमच्या ऋणातच राहू द्या.' तगादा नसलेलं, फेडायची घाई नसलेलं ऋण. त्या बाईचं प्रेम मला या जातीचं वाटतं.

'मग जास्त पाप केलं की जास्त प्रेम, असंच का?' हा प्रश्न प्रेषित पौलाने रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात स्वतःच विचारलाय आणि एका 'कदापि नाही'ने उडवून लावलाय. मीही त्यावर वेळ घालवत नाही.

चीड वेगळ्याच गोष्टीची येते. कुणाला तरी बुडवायचं, कुणाचं तरी आयुष्य नासवायचं आणि मग 'देवाने मला क्षमा केलीय' म्हणून हात झटकायचे. वर ज्याचं नुकसान झालं त्यालाच क्षमेचे धडे द्यायचे. यरीहोचा जक्कय जकातदारांचा मुख्य होता. येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा तो नुसता गहिवरून बसला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणाला, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. देवाने सोडलं म्हणून शेजाऱ्याचं देणं बुडत नाही.

आता ती चोरी. आठ-नऊ वर्षांची असेन. चर्चमध्ये अर्पणाच्या पिशवीत टाकायला आई नाणं द्यायची. मी पिशवीत नुसती मूठ घालून बाहेर काढायचे, नाणं मुठीतच. असे तीन-चार रविवार गेले. मग एकदा कपडे धुताना आईला माझ्या फ्रॉकच्या खिशात ती नाणी सापडली. तिने ती माझ्यासमोर ओट्यावर एकाशेजारी एक मांडली आणि पुन्हा कपड्यांकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. पुढच्या रविवारी पिशवी आमच्या रांगेत आली तेव्हा आईने नेहमीसारखं नाणं काढलं आणि माझ्याच हातात दिलं. माझ्या मुठीकडे बघितलंसुद्धा नाही. आईवर माझं प्रेम आधीही होतंच, पण त्या दिवसापासूनचं वेगळं.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचं असंच झालं. येशूला अटक झाली त्या रात्री 'मी त्याला ओळखत नाही' म्हणून त्याने येशूला तीनदा नाकारलं, तेव्हा तो कोळशांच्या विस्तवापाशी शेकत उभा होता. पुनरुत्थानानंतर येशू त्याला तलावाकाठी भेटतो, तिथेही कोळशांचाच विस्तव पेटलेला. ग्रीक नव्या करारात हा शब्द या दोनच ठिकाणी येतो, दोन्ही योहानाच्या शुभवर्तमानात. 'तुला क्षमा केली' असं येशू तिथे म्हणत नाही. 'शिमोना, तू माझ्यावर प्रीती करतोस काय?' हेच तीनदा विचारतो, आणि दर वेळी मेंढरं त्याच्या हवाली करतो. तिसऱ्यांदा पेत्र खिन्न होतो. म्हणतो, 'प्रभू, तुला सगळं ठाऊक आहे.'

हाही शिमोनच, नाव तेच. त्या पहिल्या शिमोनाला येशूने जेवता जेवता ऐकवलं होतं की मी तुझ्या घरी आलो, तू पाय धुवायला पाणीसुद्धा दिलं नाहीस. त्यावर तो काय म्हणाला, उठून पाणी आणलं की बसूनच राहिला, लूक काही सांगत नाही.