पडद्यावरचं गाव बारमाही कोरडंच का?

बेळगावात टिळकवाडीच्या कट्ट्यावर वाद पेटला तो मास्तरांच्या एका वाक्यावरून. "देश म्हटलं की डोळ्यांपुढं जे गाव येतं, ते सिनेमानं दाखवलेलं असतं. आणि त्या गावाला पत्ताच नसतो."

"असू दे की," आप्पा म्हणाले. त्यांची भातशेती खानापूरकडची. "'मदर इंडिया' १९५७ चा. त्यातली सावकाराची वही आमच्याकडंही तशीच होती. पत्ता नव्हता म्हणून तर सगळ्यांना ते आपलं वाटलं."

"मान्य," मास्तर म्हणाले. "पण सुरुवात आठवा. म्हाताऱ्या राधाच्या हातून कालव्याचं उद्घाटन. आधी नवा देश दाखवायचा, मग मागं जाऊन गावाचं सोसणं. देशानं स्वतःकडं कसं बघावं, ते तिथंच ठरलं. पत्ता दिला असता तर तो कालवा एका तालुक्याचा झाला असता."

मास्तरांचा मुद्दा खरा आहे. 'शोले'तलं रामगड उभं राहिलं आपल्याच राज्यात, कर्नाटकात, बेंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत. पण त्या गावात कन्नडचा मागमूस नाही. 'लगान'चं गाव चंपानेर, सेट भूजजवळ कच्छात, बोली अवधीच्या वळणाची.

आवाजाचं काम करणारा बसू इथं मध्ये पडला. "'लगान'ला आवाज जागेवरच धरलाय. त्याआधी बहुतेक पिक्चरना जागेवरचा आवाज नुसता ओठ जुळवायला. संवाद स्टुडिओत डब करायचे, पावलं, घुंगरं, रहाटाची कुरकुर मागनं भरायची. साठ्यातली तीच घंटा पंजाबच्या बैलाला, तीच विदर्भाच्या. कानाला सगळी गावं एकच वाटणार."

"काय बोलूलास बसू? आवाजाचं सोड, रंग बघ," आप्पा म्हणाले, आणि इथून ते स्वतःच मास्तरांच्या बाजूला सरकले. "आमच्याकडं रोपलावणी जुलैत, कापणी नोव्हेंबरात. शूटिंगचं युनिट येतं त्याच्यानंतर. शिवारात तेव्हा धसकटं."

कारण साधं आहे. पावसाळ्यात ढग सरकला की उजेड बदलतो. लागोपाठचे दोन शॉट जोडले की रंग उडी मारतो. ताडपत्रीवर सर पडली की जागेवरचा आवाज वाया. जनरेटरची गाडी बांधाच्या चिखलात रुतते. फिल्मच्या काळात तर १००० फुटांचं रीळ जेमतेम ११ मिनिटं चालायचं. आभाळाच्या भरवशावर ते कोण जाळणार? म्हणून शूटिंग नोव्हेंबर ते मे, आणि देशाचं गाव कायम तांबूस, धुळकट. उसाचा धोका वेगळाच. अर्धा प्रसंग उभ्या उसात झाला आणि मध्येच कारखान्याची तोड आली, तर उरलेला अर्धा जुळत नाही. मालकाशी आधी बोलून, पैसे मोजून, दहा-वीस गुंठे राखूनच ठेवावे लागतात.

"थांबणारे थांबतात," मास्तर म्हणाले. "'पथेर पांचाली'च्या वेळी काशफुलांचं, म्हणजे पांढऱ्या गवतफुलांचं, अर्धंच शूटिंग झालं होतं. परत गेले तर जनावरांनी फुलं खाऊन टाकलेली. सत्यजित राय पुढच्या हंगामापर्यंत थांबले. कोलकात्याजवळचं बोराल गाव, भाषा बंगाली, पाऊस बंगालचा. तरी १९५५ नंतर जगानं भारत म्हणून ओळखलं ते त्यालाच. पत्त्यानं काय बिघडलं?"

"'सैराट'नंही करमाळ्याची बोली तशीच ठेवली," बसू म्हणाला. "कुणाला कळायची राहिली नाही."

मग आपल्या भागाचं काय? बांधाच्या अलीकडं मराठी, पलीकडं कन्नड, आणि बाजारात एकाच वाक्यात दोन्ही. पत्ता पुसलेल्या गावात अशा माणसाला जागाच नाही. एकाच भाषेचं गाव म्हणजे देश, असं बघत आलेल्याला मग सीमेवरचं गाव अर्धवट वाटतं. ते अर्धवट नाही. देश इथंही पुरा आहे.

"मग जुलैत या म्हणावं," आप्पा उठता उठता म्हणाले. "चिखलात ट्रॉली चालायची नाही, कॅमेरा खांद्यावर घ्या. सकाळी सातला बाया वाफ्यात उतरतात, त्याआधी बांधावर उभे राहा. पाऊस आला तर येऊ दे. लावणी त्यातच होते."