संदर्भसूचीतून गाव काढताना

पेशवाईतल्या जकातीवरचा माझा लेख एका परदेशी संशोधनपत्रिकेने परवा परत पाठवला. तो नाकारला असता तर वाईट वाटले असते, पण नकारालाही एक प्रतिष्ठा असते. कोणीतरी वाचले आणि त्याला पटले नाही, एवढे तरी चारचौघांत सांगता येते. माझा लेख वाचलाच गेला नाही. संदर्भसूची एपीए या संदर्भलेखनाच्या शैलीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे नाही, या कारणावरून तो तांत्रिक तपासणीतच अडला. नियतकालिकाच्या खंडाचा आकडा तिरपा हवा आणि त्याला चिकटून कंसात येणारा अंकाचा आकडा मात्र सरळ हवा, असा त्या शैलीचा दंडक आहे. माझे दोन्ही आकडे सरळ उभे होते.

ही शैली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांची. १९२९ साली त्यांनी ती सात पानांत मांडली होती. आज तिच्या नियमपुस्तकाची पाने चारशेच्या वर गेली आहेत. इतकी वर्षे सूचीत पुस्तकाच्या प्रकाशनाचे गाव द्यावे लागत असे. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने ते गाव काढून टाकले. न्यूयॉर्क आणि लंडनवाल्यांचे त्यावाचून काही अडत नसेल, पण जुन्या मराठी पुस्तकाच्या बाबतीत प्रकाशकापेक्षा गावच अधिक बोलते. पुस्तक बडोद्याला निघाले की इंदुरास, तंजावरास की बेळगावात, यावरून त्याच्या मागे संस्थानिक होता की वर्गणीदार, याचा निम्मा अंदाज जाणत्या माणसाला येतो. तो अंदाज आता मी स्वतःच्या हाताने, एकेक गाव खोडून, सूचीतून हद्दपार करायचा होता.

जुना मजकूर श्रीलिपी या युनिकोडपूर्व फॉन्टात अडकलेला आणि मराठी नावे रोमन लिपीत लिहिताना अक्षरांखाली येणारे टिंब माझ्या संगणकावर चौकोन होऊन उमटणारे, त्यामुळे मला विद्यापीठाच्या मागच्या गल्लीतल्या डीटीपीवाल्या काकांकडे जावे लागले. त्यांच्या पाटीवर थिसीस टायपिंग, स्पायरल, लग्नपत्रिका आणि पॅन कार्ड या चारही सेवा एकाच आकाराच्या अक्षरांत लिहिलेल्या आहेत. “पीएचडी मी केलेली नाही मॅडम, पण करून दिल्यात पुष्कळ,” असे ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतात. माझी सूची वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी निदान केले, “सहावीतली दिसते. सातवीत गाव काढायचं असतं.” मग चष्मा कपाळावरून नाकावर आला आणि उलटतपासणी सुरू झाली.

“हे राजवाडे. ‘वि. का.’मधलं ‘का.’ म्हणजे कोण?”

“काशीनाथ. वडिलांचं नाव.”

“वडिलांनी यात काही लिहिलंय?”

“नाही.”

“मग त्यांना कशाला घ्यायचं?”

“अहो, आपल्याकडे मधे वडीलच असतात.”

“आणि अमेरिकेत मधे कोण असतं?”

या प्रश्नाचे उत्तर नियमपुस्तकाच्या चारशे पानांत कोठेही नसावे. मी गप्प राहिले. काकांनी काशीनाथपंतांना माझ्या जबाबदारीवर राहू दिले आणि ते सरदेसायांकडे वळले. “रियासतकार उडवतो. पदव्या चालत नाहीत, डॉक्टर-बिक्टर सगळं जातं. पण हे दोघंही वारलेत ना? कै. लावू का?”

“नको.”

“तसं नाही, लग्नपत्रिकेत कै. राहिलं तर लोक कार्डं परत आणतात, म्हणून विचारलं. बरं, राजवाडे आधी का? वयानं मोठे होते?”

ते वयानेही मोठे होते, पण त्याचा येथे संबंध नाही, क्रम इंग्रजी वर्णमालेचा आहे, असे मी सांगितले. हे मात्र त्यांना मनापासून आवडले. “आर आधी, एस नंतर, भांडणच नको. प्रेषकांच्या नावांच्या क्रमावरून दोन सख्खे भाऊ या दुकानात एकमेकांच्या अंगावर गेलेत मॅडम.” एवढ्यात त्यांचे बोट पडद्यावर थबकले. “आणि या दोघांच्या मधे हे रुमाल कोण? यांचं आद्याक्षर नाही दिलंत.”

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कागद कापडात बांधून ठेवलेले असतात आणि त्या गाठोड्याच्या, म्हणजे रुमालाच्या, क्रमांकानेच ते मागवावे लागतात. लेखक नसेल तर शीर्षक लेखकाच्या जागी आणावे, असा नियम असल्याने तेथे रुमाल येऊन बसला होता. हे सर्व मी समजावून सांगितले.

“पण लिहिलं कोणीतरी असेलच ना?”

“असेल एखाद्या कमाविसदाराचा कारकून.”

“त्याचं नाव?”

“त्यानं लिहिलेलं नाही.”

“बघा,” काका खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “टायपिंगवाल्याचं नाव तेव्हाही येत नव्हतं.”

यानंतर मराठी शीर्षके तिरपी करण्याचा कार्यक्रम झाला. देवनागरीला तिरप्या वळणाची परंपरा नाही, म्हणून संगणक उभे अक्षरच ढकलून कलते करतो आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन आदळतात. मुखपृष्ठावर नुसतेच ‘शके १८२०’ छापलेल्या एका पुस्तकाने आणखी खोळंबा केला, कारण ते शकवर्ष इसवी सनाच्या १८९८ आणि १८९९ अशा दोन्ही सालांत पसरलेले आहे आणि कंसात साल एकच हवे.

सूची शुद्ध होऊन गेली आणि आठवड्याच्या आत नवे पत्र आले. त्यात लिहिले होते की, बहुतेक संदर्भ क्रॉसरेफ या संशोधनसाहित्याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या नोंदींत सापडत नाहीत आणि त्यांना डीओआय, म्हणजे इंटरनेटवरची कायमची ओळख देणारे, क्रमांकही नाहीत, तरी ते कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले नसल्याची लेखिकेने हमी द्यावी. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला. डीओआय द्यायला सुरुवात झाली २००० साली. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात सरकारी छापखान्यातून निघाले, ग्रंथालयात कपाटभर उभे आहेत, आणि ते खरे असल्याची हमी मी द्यायची. या संशयामागचे कारण मला कळते. न्यूयॉर्कच्या न्यायालयात यंत्राने रचलेले खोटे निवाडे सादर केल्याबद्दल २०२३ साली वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला होता. पण त्या यंत्राला आडनाव कोठे, आद्याक्षर कोठे आणि तिरपे काय, हे पाठ असते. त्याच्या खोट्या संदर्भात स्वल्पविराम जागच्या जागी असतो आणि डीओआयसारखा दिसणारा आकडाही असतो. संशय येतो तो रुमालाचा, ज्याच्या कापडाची धूळ माझ्या नाकात अजून आहे. त्यातही चीड याची, की लेख स्वीकारलाच तर प्रकाशकाची यंत्रणा सूची आपल्या साच्यात पुन्हा बसवणारच आहे. पहिल्या सादरीकरणाला कोणतीही शैली चालेल, असे काही मोठ्या प्रकाशकांनी जाहीर केले आहे. ते शहाणपण सर्वांना सुचत नाही, कारण त्या हमालीचे पैसे त्यांना मोजावे लागत नाहीत.

मला मात्र ते मोजावे लागले. काकांनी पावतीवर ‘गाव काढणे’ आणि ‘तिरपे करणे’ अशा दोन वेगळ्या रकमा लावल्या. हमीपत्र मी पाठवले आहे. जकातीविषयी मी नेमके काय म्हटले आहे, हे पत्रिकेत अद्याप कोणी वाचलेले दिसत नाही. काकांनी ते मजकूर युनिकोडमध्ये आणताना वाचले. लेख बरा आहे, पण संदर्भ फार झालेत, असे त्यांचे मत पडले.