गाडीत रेंज का जाते आणि ती टिकवणं कुणाचं काम आहे

रोज रेल्वेने ये-जा करणाऱ्या माणसाला रेंज कुठे जाणार हे आधीच ठाऊक असतं. पूल ओलांडला, वळण आलं, की बोलता बोलता तो "आता कट होईल हं, पुढच्या स्टेशनला लावतो" असं सांगून मोकळा होतो. आणि कट होतोच. डब्यात कुणी मान वर करून बघतही नाही. ऊन-पावसासारखं हेही आपण धरून चालतो. मला हे धरून चालणं अजिबात मान्य नाही. गाडीत रेंज का जाते हे इंजिनिअर लोकांना नीट माहीत आहे, ती टिकवायची कशी हेही माहीत आहे, जगात काही ठिकाणी ते करूनही झालंय. अडलंय ते एवढ्यावरच, की हे काम माझं आहे असं कुणीच म्हणत नाही.

आधी कारणं सांगते. "गाडी जोरात पळते ना, म्हणून रेंज जाते" हे उत्तर मी फार वेळा ऐकलंय आणि त्यात फारसा दम नाही. पळत्या गाडीत फोनकडे येणाऱ्या लहरींची वारंवारता किंचित सरकते हे खरं. डॉप्लरने १८४२ मध्ये मांडलेला परिणाम तो हाच. पण फोरजीची आखणी करतानाच ताशी ३५० किलोमीटर वेगापर्यंत संपर्क टिकला पाहिजे हे धरलेलं होतं. कामावर जायची आपली गाडी त्याच्या निम्म्या वेगालाही क्वचितच पोचते. तेव्हा वेगावर खापर फोडून कुणाची सुटका होत नाही.

पहिलं खरं कारण म्हणजे डबा. मायकेल फॅरडेने १८३६ मध्ये एक खोली धातूच्या वर्खाने मढवून दाखवून दिलं होतं, की बाहेर विजेचा कितीही कल्लोळ चालू असला तरी आत त्याचा परिणाम पोचत नाही. आपला डबा बराचसा तसाच आहे. चारी बाजूंनी पोलादाचे नाहीतर ॲल्युमिनियमचे पत्रे, वर छत, खाली तळ. उरतात खिडक्या. उघड्या खिडकीतून लहरी सरळ आत येतात. पण एसी डब्याच्या बंद काचेवर बऱ्याचदा धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो, इतका पातळ की डोळ्यांना दिसतही नाही. उन्हाची झळ आत येऊ नये आणि एसीवरचा भार कमी व्हावा म्हणून तो असतो, आणि ते काम तो चोख करतो. फक्त उष्णतेबरोबर मोबाइलच्या लहरींनाही तो बाहेरच्या बाहेर परतवतो. ही घट डेसिबलमध्ये मोजतात. २० डेसिबल घट झाली की सिग्नलचा शंभरावा भाग उरतो, ३० डेसिबल झाली की हजारावा. अशा काचेमुळे एवढी घट सहज होते. डबा जितका नवा आणि आरामाचा तितकी रेंज वाईट, असा अनुभव अनेकांना येतो त्याचं कारण हे. वर गर्दी असतेच. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. खिडकीपासून चार माणसं आत उभ्या असलेल्याच्या फोनपर्यंत मग काय पोचणार?

दुसरं कारण डब्याच्या बाहेर आहे आणि माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथेच आहे. मोबाइलचे टॉवर माणसं राहतात तिथे उभे राहतात. अमुक टक्के लोकसंख्येपर्यंत आमचं नेटवर्क पोचलं, अशी मोजणी असते. यात माणूस जिथे झोपतो तिथे तो धरला जातो. रेल्वेचे रूळ मात्र वस्ती टाळून, शेतांमधून, जंगलातून, डोंगर कापून काढलेल्या खिंडीतून जातात. दोन्ही बाजूंना मातीच्या नाहीतर दगडाच्या उंच भिंती, वर आभाळाची पट्टी. तिथे राहतं कोण? कुणीच नाही. म्हणजे मोजणीत ती जागा शून्य. प्रत्यक्षात दिवसभरात हजारो माणसं तिथून जातात, तीही हातात फोन घेऊन, पूर्ण पैसे भरून. हिशेबात ती कुठेच येत नाहीत. घरी असताना मोजली गेली, ऑफिसात पोचल्यावर मोजली गेली, मधला सगळा वेळ कुणाच्याच वहीत नाही.

तिसरी अडचण गर्दीच्या वेळची. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एक किलोमीटर ३६ सेकंदांत पार करते. जाताना फोन एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातो आणि मागच्या टॉवरला तो पुढच्याकडे सोपवावा लागतो. रस्त्यावर ही सोपवासोपवी एकेका फोनची होते. गाडीत शेकडो फोन जवळजवळ एकाच वेळी नव्या टॉवरच्या दारात येऊन उभे राहतात. शेतातल्या एकट्या टॉवरची तेवढी तयारी नसते. म्हणून कधी कधी रेंजच्या दांड्या भरलेल्या दिसतात आणि साधं पान उघडत नाही. दांड्या फक्त सिग्नलचा जोर दाखवतात, टॉवरवर किती गर्दी आहे ते दाखवत नाहीत. कुठल्या जोराला किती दांड्या दाखवायच्या याचा सगळ्या फोनना लागू असलेला एकच नियमही नाही. शेजारच्याच्या फोनवर तीन आणि आपल्या फोनवर एक दिसली, एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

प्रवासात बॅटरी भराभर उतरते तीही यामुळेच. टॉवर लांब पडला की फोन स्वतःचा जोर वाढवून ओरडत राहतो, आणि टॉवर सापडेना झाला की सारखा शोधत बसतो. ज्या पट्ट्यात रेंज नसतेच तिथे फोन विमान मोडवर टाकला तर बॅटरी वाचते. एवढंच आपल्या हातात आहे.

आता हे सगळं इतकं मनाला लावून का घ्यायचं? मागे एकदा संध्याकाळच्या गाडीत माझ्या समोर एक बाई बसल्या होत्या. वडिलांचं ऑपरेशन चालू होतं, भाऊ हॉस्पिटलमध्ये होता आणि त्याचाच फोन आला. "डॉक्टर आत्ता बाहेर आले, ते म्हणाले की" एवढंच त्यांनी ऐकलं आणि फोन गेला. त्या परत परत लावत होत्या. एका मुलाने आपला फोन पुढे केला, त्याचं सिम दुसऱ्या कंपनीचं होतं. त्यालाही रेंज नव्हती. मग त्या उठल्या, पर्स सीटवर तशीच टाकली आणि दाराकडे गेल्या. एका हाताने दांडा धरलेला, दुसऱ्या हातात फोन बाहेरच्या बाजूला धरलेला, आणि नजर रस्त्याकडे नाही, खांबाकडे नाही, नुसती त्या स्क्रीनवर. दोघीतिघींनी त्यांच्या ओढणीला, दंडाला धरून ठेवलं होतं. वडील ठीक आहेत हे त्यांना कळलं, पण चार स्टेशनं उशिरा.

दारात उभं राहून रेंज शोधणारी माणसं ज्या गाड्यांची दारं उघडी असतात तिथे रोज दिसतात. दारात सिग्नल चांगला मिळतो हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबरच आहे, पत्रा आणि काच मध्ये येत नाही. म्हणजे डब्याच्या आत रेंज न देऊन आपण माणसांना डब्यातल्या सर्वांत धोक्याच्या जागी जाऊन उभं राहायला लावतोय. "दारात उभे राहू नका" अशी पाटी लावणाऱ्यांनी माणूस तिथे का येतो हेही बघायला हवं.

संकटकाळच्या फोनचंही तेच. ११२ लावला तर बहुतेक ठिकाणी आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो फोन जाऊ शकतो, तशी सोय मोबाइलच्या रचनेतच आहे. पण कुणाचाच टॉवर नसेल तिथे ती सोयही कामाची नाही. रात्रीच्या जवळजवळ रिकाम्या डब्यात एकटी बसलेली मुलगी घरच्यांना लोकेशन पाठवते आणि त्याच्याखाली बरोबरची खूण उमटत नाही, तेव्हा इकडे ती आणि तिकडे घरचे, दोघांच्याही जिवाची घालमेल होते.

काहीजण म्हणतात, बरं आहे की, गाडीत तरी फोनपासून सुटका. पुस्तक वाचा, खिडकीबाहेर बघा. मीही वाचते, बाहेर बघते, आणि मोठ्याने फोनवर बोलणाऱ्यांचा मलाही त्रास होतो. पण फोन बंद ठेवणं माझ्या मर्जीने व्हावं. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, लहान मूल आहे, ज्यांना कामावरून कधीही बोलावणं येतं, त्यांना ही सुटका नको असते. शिवाय आता तिकीट फोनमध्ये, पैसे फोनमध्ये, ओटीपी फोनवर. एकीकडे सगळं फोनवर ढकलायचं आणि दुसरीकडे फोन चालत नाही तेव्हा निसर्गाचा आनंद घ्या म्हणायचं, हे मला पटत नाही.

बरं, उपाय नाहीत असंही नाही. काचेचंच बघा. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या इपीएफएल या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी काचेवरच्या धातूच्या थरावर लेझरने अतिशय बारीक रेघा कोरल्या, आणि बीएलएस या रेल्वेच्या गाड्यांमध्ये तशा काचा बसल्या. यामागचं तत्त्व फार सुंदर आहे. उष्णतेच्या लहरींची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, तर मोबाइलच्या लहरींची लांबी ९०० मेगाहर्ट्झला सुमारे ३३ सेंटिमीटर. एवढ्या मोठ्या फरकामुळे थराचे बारीक बारीक तुकडे केले तरी उष्णतेला तो अख्खाच भासतो आणि ती परतते, मोबाइलच्या लहरींना मात्र तो अडवू शकत नाही. एसीचा फायदा जवळजवळ तसाच राहतो आणि फोनही चालतो. यासाठी डब्यात वेगळी यंत्रणा लागत नाही, वीज लागत नाही, आणि उद्या मोबाइलची नवी पिढी आली म्हणून काच बदलावी लागत नाही.

बोगद्यांसाठी तर उपाय जुनाच आहे. बोगद्याच्या भिंतीवरून अशी केबल नेतात की जिच्या आवरणाला ठरावीक अंतरावर चिरा असतात. त्या चिरांमधून सिग्नल वाटभर थोडा थोडा झिरपत राहतो. स्वित्झर्लंडमधला गॉटहार्डचा तळबोगदा ५७ किलोमीटर लांब आहे, २०१६ मध्ये सुरू झाला, आणि त्यातून जाताना मोबाइल चालतो. इंग्लिश खाडीखालच्या सुमारे ५० किलोमीटरच्या बोगद्यातही चालतो. ५७ किलोमीटरच्या बोगद्यात जमतं ते दोन मिनिटांच्या बोगद्यात का जमू नये?

गाडीतल्या वायफायकडे बोट दाखवून विषय संपवणारेही असतात. त्यांनी एक लक्षात घ्यावं. ते वायफाय छतावरच्या ॲंटेनातून बहुधा त्याच टॉवरांकडून इंटरनेट घेतं. पत्र्याचा आणि काचेचा अडथळा त्याने टळतो, तेवढी मदत नक्की होते. पण जिथे टॉवरच नाही तिथे वायफायही नुसतं जोडलेलं दिसतं.

मला सर्वांत जास्त खटकते ती पुढची गोष्ट. रेल्वेची स्वतःची रेडिओ यंत्रणा असते, ड्रायव्हर आणि नियंत्रण कक्ष यांच्यात बोलणं तुटू नये म्हणून. युरोपात त्यासाठी जीएसएम-आर नावाची वेगळी मोबाइल यंत्रणा उभारली गेली आणि ती इतरत्रही गेली. ती ताशी ५०० किलोमीटर वेगापर्यंत चालावी अशी आखलेली आहे. म्हणजे त्याच खिंडीत, त्याच बोगद्यात, इंजिनात बसलेल्या माणसाला संपर्क मिळतो आणि त्याच्या मागे बसलेल्या हजार माणसांना मिळत नाही. ड्रायव्हरचा संपर्क सुरक्षेचा आहे, तो वेगळाच असायला हवा, याबद्दल वाद नाही. पण त्यासाठी रुळांलगत मनोरे लागतात, वीज लागते, फायबर लागतं. जीएसएम-आरच्या जागी नवी यंत्रणा आणायची तयारी आता चालू आहे. तेव्हा परत मनोरे उभे राहतील, परत खोदकाम होईल. त्याच मनोऱ्यांवर प्रवाशांच्या मोबाइलसाठी जागा ठेवायची हे आत्ताच ठरलं तर खर्च वाटला जाईल. नंतर सुचलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मग हे का होत नाही? रेल्वेला विचारलं तर मोबाइल सेवा हा आमचा विषय नाही. मोबाइल कंपनीला विचारलं तर रुळांलगतची जागा रेल्वेची, डबा रेल्वेचा, परवानगी रेल्वेची. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं असतं आणि प्रवासी मधल्यामध्ये अडकतो. म्हणून माझी मागणी साधी आहे. कव्हरेज डब्याच्या आत मोजा, गर्दीच्या वेळी मोजा, आणि दोन स्टेशनांमधल्या प्रत्येक पट्ट्याचा निकाल जाहीर करा. नकाशावर जो रंग दाखवतात तो बहुतेक वेळा उघड्यावरचा अंदाज असतो. त्यावर बंद काचेच्या आड बसलेल्या माणसाने विश्वास ठेवावा अशी अपेक्षा चुकीची आहे. नवे डबे विकत घेताना आसनं, ब्रेक, एसी यांच्या अटी असतात तशी काचेतून सिग्नल किती आत यावा याचीही अट करारात घाला. मोबाइल कंपन्यांच्या परवान्यात लोकसंख्येच्या टक्क्यांबरोबर रुळांचे किलोमीटरही लिहा. आणि बोगद्यांत प्रत्येक कंपनीने वेगळी केबल ओढण्यापेक्षा एकच यंत्रणा सगळ्यांनी वापरावी, नाहीतर जागेवरूनच वर्षानुवर्षं भांडणं होतील.

आमच्या डब्यातल्या नेहमीच्या मंडळींनी आता नोंदी ठेवायला सुरुवात केली आहे. कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये, किती वाजता, खिडकीशी की आत, एसी की साधा डबा, सिम कुठल्या कंपनीचं, आणि बोलणं तुटलं की फक्त इंटरनेट गेलं. पुरेशा जमल्या की एकच तक्ता दोन्हीकडे देणार आहोत, रेल्वेलाही आणि कंपन्यांनाही, आणि तो दुसऱ्याकडेही दिलाय हे प्रत्येकाला लेखी कळवणार आहोत. तुमच्या मार्गावर कुणी असं करत असेल किंवा करायची तयारी असेल तर मला मेसेज करा. रकाने सारखे ठेवले तर सगळ्यांच्या नोंदी एकत्र मांडता येतील.