गाडी उभी, बिलं गायब

आमच्या आंब्याच्या शेडमधल्या लिनक्स सर्व्हरवर कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, नवं आलं. झेडएफएस, म्हणजे आमचा डेटा जिच्यावर असतो ती फाइलसिस्टिम, तिचं मॉड्यूल, म्हणजे कर्नेलला ती वाचता यावी म्हणून लागणारा जोड, काही बनलं नाही, आणि अपग्रेड करणाऱ्या त्या प्रोग्रॅमने चकार शब्द काढला नाही. म्हणजे काढला, पण लॉगमध्ये हजार ओळींच्या मध्ये. हेडर्स, म्हणजे मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नेलच्या फाइली, सापडत नाहीत असं तिथे पुटपुटला आणि वर अपग्रेड यशस्वी म्हणून मोकळा. अरे मेल्या, ज्या फाइलसिस्टिमवर अख्खा धंदा आहे ती नव्या कर्नेलला ओळखूच येणार नाही, मग यशस्वी काय झालं? थांब ना तिथेच!

बरं, हे त्याच दिवशी कळलं असतं तरी चाललं असतं. सुरक्षेची अपडेट्स आपोआप बसतात, पण चालू सर्व्हर जुन्याच कर्नेलवर चालत राहतो. नवं कर्नेल बूटच्या यादीत पहिल्या नंबरावर दबा धरून बसतं आणि रीबूटची वाट बघतं. आणि आमच्या देवगडात रीबूट माणूस करत नाही, वळवाचा पाऊस करतो. ऐन मे महिना, तारेवर फांदी पडली, लाईट गेली, यूपीएसने मान टाकली. पहाटे लाईट आली तेव्हा सर्व्हर नव्या कर्नेलवर उठला. पॅकिंग शेडमध्ये हापूसच्या पेट्या चढवून वाशीची गाडी तयार, आणि मॅनेजर मला कणकवलीला फोन करून ओरडतोय, "गाडी उभी आसा, बिलां खंय?"

मला वाटलं मशीन मेलं असेल. ते मेलं असतं तर बरं झालं असतं! रूट, म्हणजे खुद्द सिस्टिमचा भाग, एक्सटी4 या कर्नेलमध्येच असलेल्या फाइलसिस्टिमवर, त्यामुळे सर्व्हर अगदी ठणठणीत, पिंगला उत्तर देतोय. फक्त डेटाचा पूल, म्हणजे झेडएफएसवरचा सगळा साठा, गायब. आणि मॉड्यूल चढवणारा मॉडप्रोब म्हणतो, झेडएफएस नावाचं मॉड्यूलच नाही.

कारण काय, तर आधी ज्याने हा सर्व्हर बसवला त्याने हेडर्स टाकले ते फक्त त्या दिवशी चालू असलेल्या कर्नेलचे. इंटरनेटवरच्या निम्म्या मार्गदर्शकांत हीच कमांड असते, आणि लोक डोळे मिटून चिकटवतात. प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर हेडर्स आपोआप यावेत म्हणून वेगळं मेटापॅकेज असतं, ते कोण सांगणार? हेडर्स नाहीत तर डीकेएमएस, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नेलसाठी मॉड्यूल बांधणारा प्रोग्रॅम, ते बांधणार कशाने, समुद्राच्या वाळूने?

झेडएफएस कर्नेलमध्येच का नाही, हे मला कोणी शिकवू नका. सन कंपनीने 2005 मध्ये ती सीडीडीएल परवान्याखाली खुली केली, लिनक्स जीपीएलवर, आणि या दोन परवान्यांचं जमत नाही. वकिलांचं भांडण आहे, ठीक. पण कर्नेलच्या आत असलेल्यांना तरी कुठे शाश्वती आहे? बीकॅशेएफएस ही फाइलसिस्टिम 2024 च्या जानेवारीत कर्नेल 6.7 मध्ये आली आणि 2025 मध्येच 6.18 मधून बाहेर. त्यापेक्षा रायझरएफएस या फाइलसिस्टिमचं बरं: 2022 मध्ये 5.18 मध्ये ती जाणार म्हणून जाहीर केलं, 2025 मध्ये 6.13 मधून काढली. एवढी मुदत मिळाली की माणूस डेटा हलवतो, शिव्या देत का होईना. मला मुदत किती? लाईट जाऊन येईपर्यंत.

जुनं कर्नेल अजून मशीनवर होतं, तेवढंच नशीब. पण तेवढ्यात शेडमधला फायबरही पावसात गेला, म्हणजे लांबून काही करता येईना. मग फोनवरून मॅनेजरला मॉनिटर जोडायला लावला, ग्रबच्या, म्हणजे बूट करताना कर्नेल निवडायच्या, मेन्यूत खाली जा, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स निवड, जुना नंबर निवड. त्यांना रेंज येते ती फक्त माडाखाली, आणि सर्व्हर आत ऑफिसात. म्हणजे ते आत जाऊन वाचणार, बाहेर येऊन मला सांगणार, मी सांगितलेलं ऐकून परत आत जाणार. दारात ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

पूल आला. आता खरा संताप. मधल्या वेळात बिलिंगच्या प्रोग्रॅमला डेटाचा फोल्डर रिकामा दिसला, तर त्याने गुपचूप नवा कोरा डेटाबेस बनवला! आणि आमच्या हुशार पोरांनी त्यात बिल नंबर एकपासून बिलं फाडायला सुरुवात केली. पूल परत जोडला तसा त्याच फोल्डरवर खरा डेटा बसला आणि ती बिलं त्याच्याखाली गाडली गेली. ती काढायला सर्व्हिस बंद करून त्या फोल्डरवर बसलेला पूलचा भाग उतरवावा लागेल. शेठना विचारलं, उद्या सकाळी करू का? म्हणाले, "उद्या दोन गाड्या आसत. पावसात कर."