एथ-झीरो बेपत्ता

सहा वर्षे विनातक्रार चालणाऱ्या लिनक्स या संगणकप्रणालीला हात लावू नये, हे मला कळत होते. तरीही एका रविवारी अपग्रेडच्या प्रश्नाला मी ‘वाय’ असे उत्तर दिले. अपग्रेड निर्विघ्न पार पडले, संगणक दिमाखात पुन्हा सुरू झाला आणि इंटरनेट तेवढे गेले.

मी केबल काढून पुन्हा लावली, मग दुसरी लावली, मग राउटर बंद-चालू केला. म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. ‘आयएफकॉन्फिग’ ही नेटवर्कची माहिती दाखवणारी माझी हुकमी कमांड दिली, तर अशी कमांडच नसल्याचे थंड उत्तर मिळाले, आणि तिचे पॅकेज उतरवून घ्यायला इंटरनेट हवे होते. अखेर मोबाइलवर डोळे ताणून वाचत ‘आयपी लिंक’ ही नेटवर्क कार्डांची यादी देणारी कमांड चालवली. यादीत माझा ‘एथ-झीरो’ (हे माझ्या नेटवर्क कार्डाचे नाव) नव्हताच. तेथे ‘ईएनओ-वन’ नावाचे कोणीतरी बसले होते. ‘डीमेसेज’ या संदेशांच्या नोंदीत कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, प्रामाणिकपणे कबुली दिली होती, की कार्ड तेच आहे, फक्त नाव बदलले आहे.

यामागे शास्त्र आहे. कर्नल कार्डे सापडतील त्या क्रमाने त्यांना एथ-झीरो, एथ-वन अशी नावे देते, त्यामुळे दोन कार्डे असतील तर पुढच्या वेळी नावांची अदलाबदल होऊ शकते. म्हणून लिनक्समधल्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या ‘सिस्टमडी’च्या १९७व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३पासून, कार्ड कोठे बसले आहे यावरून नाव ठरवण्याची सोय झाली. ‘ईएन’ म्हणजे इथरनेट आणि ‘ओ’ म्हणजे मदरबोर्डवरचेच. अशा नावांना ‘अंदाज बांधता येण्याजोगी’ म्हणतात. माझ्या संगणकात एकुलते एक कार्ड आहे. त्याची अदलाबदल कोणाशी होणार होती आणि नावाचा अंदाज नेमका कोणी बांधायचा होता, याचा खुलासा मला कोठेही सापडला नाही.

नेटवर्कची मांडणी लिहिलेल्या ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये एथ-झीरो दोन ठिकाणी होता. दोन्ही ठिकाणी नवे नाव लिहून मी नेटवर्क पुन्हा सुरू केले, तर असे उपकरणच नाही म्हणे! पुढचा पाऊण तास मी कार्ड चालवणाऱ्या ‘ड्रायव्हर’ या प्रोग्रामवर संशय घेण्यात घालवला. मग अक्षरे मोठी केल्यावर दिसले, की ‘ओ’ या अक्षराच्या जागी मी मोठ्या विश्वासाने शून्य लिहिले होते, तेही दोन्ही वेळा.

शून्याचा ‘ओ’ केला आणि इंटरनेट आले. फायरवॉलचे नियम मात्र तेव्हाही एथ-झीरोच्याच दारावर इमानाने पहारा देत उभे होते.